आमच्या घराचा षड्ज

आपलं घर शांत आहे असं ज्याला वाटत असेल, त्याने एकदा इलेक्ट्रिक गिटार संगणकाला जोडून पाहावी. वाजवायची गरज नाही. नुसती जोडायची, कानाला हेडफोन लावायचे आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. ध्यान-धारणेने माणसाला अंतरंगाचं दर्शन होतं म्हणतात. वायरीने ते पाच मिनिटांत होतं; फक्त स्वतःच्या नव्हे, घराच्या अंतरंगाचं.

आम्ही राहतो घोडबंदरला. एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे ठाण्याला." मग आम्ही म्हणतो, "नाही, घोडबंदरला." ठाणेकरांच्या लेखी घोडबंदर हा कापूरबावडीपासून निघणारा एक रस्ता आहे. तो ज्या गावाचं नाव लावतो ते गाव त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, वसईच्या खाडीकाठी आहे, हे दरवेळी समजावून सांगावं लागतं. गावात पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. मराठ्यांनी तो १७३७ साली घेतला. एके काळी या बंदरात अरबी घोडे उतरायचे. आता रात्रभर ट्रेलर उतरतात. गुजरातकडे निघालेले कंटेनर गायमुखचा चढ चढून, चेना ओलांडून फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर येतात आणि वर्सोवा पुलाकडे वळताना दिवसभराचा सगळा राग हॉर्नवर काढतात.

त्यामुळे घरी गिटार रेकॉर्ड करायची असं ठरलं, तेव्हा सगळ्यांचा संशय रस्त्यावर होता. आईने खिडकीला लावायला जुनी गोधडी काढून दिली. बायको म्हणाली, "रात्री दोननंतर करा, तेव्हा जरा कमी असतं." मुलगा म्हणाला, "बाबा, काही करू नका, नुसती वायर लावा." कॉलेजात जाणारी मुलं कमी बोलतात आणि त्यांचं बरोबर निघतं, ही त्यांची सर्वांत त्रासदायक सवय.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप नावाची एक वस्तू असते. चुंबकाच्या खुंट्या आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच तिचा संसार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलीशी वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेलं तत्त्व हेच. फरक इतकाच की त्याच्या डोळ्यांसमोर गिटार नव्हती. या व्यवस्थेत हवेतल्या आवाजाला कुठेच जागा नाही. पिकअपला हवा ऐकूच येत नाही. धड अवस्थेतल्या पिकअपपाशी तोंड नेऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला तरी संगणकाला पत्ता लागत नाही. बाहेर ट्रेलर गेला, काच थरथरली, कपाटावरचा गणपती सूतभर सरकला. पडद्यावरची रेघ ढिम्म. ज्याच्या भीतीने गोधडी बाहेर आली, तो रस्ता निर्दोष सुटला.

आणि तरीही हेडफोनमध्ये अखंड 'ऊंऽऽऽ' चालूच होतं.

पिकअपला हवा ऐकू येत नाही, पण वीज ऐकू येते. भिंतीतून जाणारी, ट्यूबच्या चोकमध्ये अडकलेली, फ्रिजच्या पोटात घोंघावणारी, चार्जरमधून पाझरणारी, सगळी. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आंदोलनं घेते, आणि ५० आंदोलनं म्हणजे एक स्वरच झाला. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी पाच अगदी तळाच्या सप्तकात ४९ आंदोलनांवर असते आणि काळी चार जवळजवळ ५२ वर. आमच्या घराचा षड्ज या दोघींच्या मधे लागतो, पांढरी पाचकडे किंचित झुकलेला. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक घरात अहोरात्र हाच षड्ज भरलेला आहे. भाषावार प्रांतरचना झाली, पण षड्ज अखिल भारतीय राहिला. अमेरिकेत वीज ६० आंदोलनांची, म्हणून तिथला षड्ज काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे. न्यू जर्सीतला आमचा भाचाही गिटार वाजवतो. त्याला फोनवर म्हटलं, "तुझं घराणं साठचं, आमचं पन्नासचं." तो म्हणाला, "मामा, पण दोन्ही घराण्यांत बेसूरच."

त्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. गिटारची तिसरी तार मोकळी छेडली की १९६ आंदोलनांचा स्वर देते. घरच्या गुणगुणीत ५० बरोबर १००, १५०, २०० असे तिचे नातलगही राहतात. १९६ आणि २०० शेजारी शेजारी वाजले की सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. म्हणजे गिटार सुरात लावलेली आणि वादक शुद्धीवर असूनही मैफल बेसूर. तानपुरा जुळवणाऱ्याने निदान तानपुऱ्याला दोष द्यावा. इथे दोष द्यायला समोर कोणी नाही, फक्त प्लगांचा बोर्ड आहे.

या गुणगुणीवर इलाज फार पूर्वी निघालाय. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ साली एका पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात एकाऐवजी दोन वेटोळी होती, एकमेकांना उलटी गुंडाळलेली आणि उलट्या चुंबकांवर बसवलेली. बाहेरची गुणगुण दोघांत उलटसुलट शिरते आणि एकमेकांना खाऊन टाकते. तारेचा स्वर मात्र दोघांत सारखा येतो आणि बेरीज होते. याला हंबकर म्हणतात. हे ज्ञान मिळाल्यावर गिटार उलटीपालटी करून पाहिली. तीन पिकअप, तिन्ही एकेरी. माझ्या तरुणपणी, धोबी तलावच्या दुकानांच्या काचेबाहेर उभं राहून गिटारी पाहण्याच्या काळात, 'गिब्सन' आपल्यासाठी नसे. आपल्यासाठी असे कोलकात्याची 'गिवसन'. एका अक्षराच्या फरकात मध्यमवर्गाचं अख्खं अर्थशास्त्र मावलेलं होतं. एकेरी की दुहेरी, हा प्रश्न त्या वयात कोणी विचारत नव्हतं. गिटार आहे की नाही, एवढाच विचारत.

तेव्हा उरला एकच मार्ग. घरातली एकेक वस्तू बंद करायची आणि ऐकायचं. यालाच तंत्रज्ञ लोक दोष शोधणं म्हणतात. घरात त्याला दुसरी नावं आहेत.

पहिल्यांदा ट्यूब गेली. गुणगुणीतला एक किरकिरा पदर निघाला. अंधारात भाजी निवडणं शक्य नसल्याने बायकोही स्वयंपाकघरातून निघाली. मग पंखा. आमच्या हॉलमधला रेग्युलेटर जुन्या तऱ्हेचा, पायऱ्या नसलेला, कसाही गरागरा फिरणारा. हा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करतो म्हणजे विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापून फेकतो, आणि त्या कापाकापीचा चरचराट गिटारमध्ये उतरतो. पंखा पूर्ण सोडला की चरचर जवळजवळ थांबते, पूर्ण बंद केला की थांबतेच. मधल्या कुठल्याही वेगावर ती असतेच असते. म्हणजे संगीताच्या सेवेसाठी घरच्यांना वादळ किंवा घाम यांतून एक निवडायचं होतं. मे महिन्यात, खाडीकाठी. आईने वादळ निवडलं आणि वर्तमानपत्र उडू नये म्हणून त्यावर पोळपाट ठेवला.

मग देवघरातली दिव्यांची माळ. बारीक, लुकलुकती, बाजारात जेमतेम पन्नास रुपयांना मिळणारी. पण फ्रिजच्या तोडीचा आवाज करते हे आमच्या गिटारने सिद्ध केलं. "देवाचा दिवा बंद करायचा?" आईने विचारलं. समईला विजेचा आवाज नसतो, हे शास्त्रीय सत्य तिला सांगितल्यावर ती प्रसन्न झाली. गेली काही वर्षं ती हेच म्हणत होती, निराळ्या कारणाने. मग राउटर बंद झाला आणि आतल्या खोलीतून मुलगा बाहेर आला. घरात गिटार आल्यापासून पहिल्यांदाच सगळं कुटुंब एका खोलीत, एका अंधारात बसलं होतं.

शेवटी फ्रिजवर आलो. फ्रिज गुणगुणतो ते वेगळंच. तो चालू-बंद होताना रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' असा एक खिळा ठोकून जातो, आणि नेमका सगळ्यांत चांगल्या वाजलेल्या ओळीवर. इलेक्ट्रिक गिटारचं स्वयंपाकघराशी तसं जन्माचं नातं आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत विकायला आलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार ॲल्युमिनियमची होती आणि तिच्या गोल अंगामुळे लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. पण हा इतिहास ऐकवून कुणी फ्रिज बंद करू देत नाही. "अर्धा तास," आई म्हणाली. "दूध आहे आत." अर्ध्या तासात गाणं बसवणारे मोठे संगीतकार होऊन गेले असतील; त्यांच्या आईने घड्याळ लावलं नसणार.

वस्तू संपल्या, तेव्हा दिशांची पाळी आली. एकेरी पिकअपची गंमत अशी की गिटार कुठल्या बाजूला तोंड करून धरली यावर गुणगुण कमी-जास्त होते. विजेच्या चुंबकीय क्षेत्राला वेढे आडवे आले तर ती वाढते, कडेने गेले तर घटते. म्हणून मी गिटार घेऊन खुर्चीवर हळूहळू फिरत होतो. आमच्या खोलीत सगळ्यांत शांत जागा ईशान्येच्या कोपऱ्यात निघाली, भिंतीकडे किंचित तोंड करून. खालच्या मजल्यावरचे काका वास्तुशास्त्र पाहतात. त्यांना हे समजल्यावर ते पेढे घेऊन आले. मी फॅरडे सांगत होतो, ते मान हलवत म्हणत होते, "तेच तर, तेच तर."

याच सुमारास आणखी एक गोष्ट कळली. तारांना हात लावला की गुणगुण निम्मी होते. हात उचलला की परत येते. आपलं शरीर विजेचा गोंगाट झेलणारी अँटेना असतं, आणि तारांना स्पर्श झाला की ते गिटारच्या जमिनीशी जोडलं जाऊन उलट आडोसा देऊ लागतं. लॅपटॉपचा चार्जर काढला की राहिलेल्यातली अर्धी जाते. म्हणजे हात तारांवर, लॅपटॉप बॅटरीवर, तोंड ईशान्येला आणि फ्रिजवर आईचा पहारा, अशी आदर्श स्थिती तयार झाली. त्या स्थितीत माणसाला वाजवताही येईल का, याचा विचार कुठल्या पुस्तकात केलेला नाही.

पावसाळ्यात त्याचंही उत्तर मिळालं. वीज गेली. सगळ्या इमारतीतून 'आऽऽ' असा सामुदायिक आवाज आला, पोरं जिन्यात धावली, कुणीतरी गॅलरीतून कुणालातरी विचारलं, "तुमच्याकडे आहे का?" आणि मी गिटारकडे धावलो. संगीतासाठी इतकी उत्तम वेळ दुसरी नाही. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर, त्यातूनच चालणारी रेकॉर्डिंगची डबी, भिंती विजेने रिकाम्या. बाहेर पोरांचा कितीही आरडाओरडा चालो, पिकअपला तो ऐकू येत नाही. फक्त इन्व्हर्टर बंद ठेवावा लागतो. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटांची असते आणि तिची चरचर साध्या विजेहून वाईट. तेव्हा शेजारीपाजारी दिव्यांची वाट पाहत असतात, घरचे निदान पंख्याची, आणि एकटा मी मनात म्हणत असतो, आणखी दहा मिनिटं येऊ नये. समाजाच्या मुख्य प्रवाहापासून कलावंत दुरावतो तो असा.

बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, हे वेगळं सांगायला नको. माझ्या कानांत आगडोंब, आणि खोलीत ऐकू येतं ते फक्त तारांचं 'टुंग, टुंग'. डोळे मिटून, ओठ दाबून, कपाळाला आठ्या घालून एक प्रौढ माणूस काळोखात टुंग टुंग करतो आहे. बायको म्हणाली, "अहो, निदान चेहरा तरी कमी आवाजात ठेवा."

गुणगुण आटोक्यात आली तेव्हा उशीर सुरू झाला. तार आत्ता छेडली, हेडफोनमध्ये स्वर मागून आला. फार मागून नव्हे, जेमतेम कळेल इतका. पण ताल बिघडवायला तेवढा पुरतो. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो, पण प्रत्येक नमुन्याला उठत नाही. पंगतीतला वाढपी जसा एकेका पोळीसाठी आत जात नाही, टोपलीभर साठल्या की निघतो, तसा तो ठरावीक नमुने साठले की मगच पुढे सरकवतो. या टोपलीला बफर म्हणतात. ५१२ नमुन्यांची टोपली म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद; आत येताना एकदा, बाहेर जाताना पुन्हा एकदा, वर थोडं इकडचं तिकडचं. १२८ ची केली तर तीनच मिलिसेकंद. पण मग वाढप्याची धावपळ होते, तो दमतो, एखादी फेरी चुकते आणि कानांत 'कर्र, फट्' असं ऐकू येतं. विंडोजच्या नेहमीच्या रस्त्याने आवाज गेला तर उशीर आणखी वाढतो. म्हणून जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीने काढलेला 'एएसआयओ' नावाचा आडरस्ता धरतात. मुलाने तो बसवून दिला आणि टोपली २५६ वर ठेवली. शहाण्या माणसांचे सगळे वाद शेवटी मधल्या आकड्यावर मिटतात.

पण उशिराचं मला आता फार वाटत नाही. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १२ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे आपल्यापासून चार मीटरवर उभा असलेला माणूस. एवढ्या अंतरावर बसून लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांबरोबर वाजवत आलेत. मुंबईत सिनेमाची गाणी रेकॉर्ड व्हायची तेव्हा ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत व्हायोलिनांच्या रांगा, ढोलकी, पितळी वाद्यं, गिटार आणि गायक एकाच वेळी वाजत-गात. 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंगांची गिटार किंवा १९८० च्या 'कर्ज'मधली गोरख शर्मांची गिटार आपल्या कानांत अजून वाजते ती त्या गर्दीतली आहे. एकाचा स्वर चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. गुणगुण आली तर ती शोधायला वेगळा माणूस, मायक्रोफोन सरकवायला वेगळा, चहा आणायला वेगळा. संगणकाने ही सगळी गर्दी घालवली आणि सांगितलं, आता तू एकटा पुरेसा आहेस. मी वादक, मीच ध्वनिमुद्रक, मीच चहावाला. एवढं करून जे ऐकू आलं, ते बारीक, कोरडं आणि कडेला फाटलेलं होतं.

याचं कारण असं की गिटारची थेट वीज ऐकण्यासाठी नसतेच. आधी तिला अशा तोंडातून आत घ्यावं लागतं जे तिच्यावर ओझं टाकत नाही. गिटारसाठी दहा लाख ओहमचं प्रवेशद्वार ठेवतात, त्याहून फार कमी असेल तर वरचे स्वर गळतात आणि गिटार गोणपाटातून वाजू लागते. लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या भोकात गिटार खुपसली की हेच होतं, म्हणून ती मधली डबी. दुसरं, गिटारचा ॲम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर वरची सगळी करकर कापून टाकतात. आपण ज्याला गिटारचा आवाज म्हणतो, तो निम्मा त्या खोक्याचा असतो. संगणकात हे खोकं चित्रासकट मिळतं. पडद्यावर लाकडी कपाट, त्यावर कातडी पट्टा, पितळी बटणं, बटणांवर घासल्याच्या खुणासुद्धा. माऊसने बटण फिरवलं की गिटार गरजते. खोट्या बटणावरची खोटी धूळ पुसायचा मोह मला अजून होतो.

आणि एक 'नॉइज गेट' मिळतं. आपण थांबलो की ते दार लावून घेतं, वाजवू लागलो की उघडतं. गुणगुण जात नाही. दाराआड उभी राहते आणि प्रत्येक स्वरामागे आत येते. स्वराच्या गोंगाटात ती कळत नाही, एवढंच. पाहुणे आले की घराघरांत हेच चालतं, त्यामुळे मला हे यंत्र चटकन समजलं.

या सगळ्याचा निकाल लावला तो गावठाणातल्या एका बेंजोवाल्या पोराने. हळदीला, मिरवणुकीला आपल्याकडे बेंजो पार्टी बोलावतात. रवी जाधवांनी २०१६ साली त्यावर 'बॅन्जो' नावाचा सिनेमाही काढला. हा बेंजो म्हणजे गोलाकार अमेरिकी वाद्य नव्हे. १९१२ साली जपानात नागोयाच्या मोरिता गोरो यांनी टाइपरायटरच्या कळा आणि तारा यांचा मेळ घालून ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं आणि आपल्याकडे त्याला पिकअप बसवून, टेम्पोवर जनरेटर चढवून, रस्त्यावर आणलं गेलं. म्हणजे जी लढाई मी ईशान्य कोपऱ्यात लढत होतो, ती ही पोरं चालत्या टेम्पोवर, जनरेटरच्या शेजारी बसून, पावसात लढतात. पुढचा भोंगा दहा मीटरवर असला तर तीस मिलिसेकंदांचा उशीर होतो, आणि त्याच उशिरावर अख्खी वरात नाचते.

तो आला, त्याने गिटारकडे पाहिलंच नाही. बोर्डकडे गेला, टेस्टर लावला, खिशातला होल्डर आणि बल्ब काढून दोन भोकांत लावून पाहिला. मग म्हणाला, "काका, तिसऱ्या भोकाला वायरच नाय. ते शोला ठेवलंय."

घरात अर्थिंगच नव्हतं. जुन्या इमारतींत असं बऱ्याच ठिकाणी असतं. तीन पिनांचा प्लग बसतो म्हणून आपण समाधानी राहतो. गुणगुणीपेक्षा हे गंभीर होतं. काही वादक गुणगुण जावी म्हणून उलट प्लगची अर्थची पिनच तोडतात, तो प्रकार तर कुणी कधीच करू नये. १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झी इथे लेस हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक रंगमंचावर उभा असताना अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला आणि तो तिथेच गेला. एका हातात तारा आणि दुसऱ्यात सदोष यंत्र, यांच्या मधे तेव्हा फक्त माणूस असतो. आमच्याकडे वायरमन आला, तिसऱ्या भोकाला जमीन मिळाली आणि गुणगुण बरीचशी ओसरली. फ्रिजला हात लावला की आईला कधीकधी मुंग्या यायच्या, त्याही थांबल्या. ती ते वयामुळे होतं असं समजत होती. गिटारने घरासाठी केलेलं हे पहिलं उपयुक्त काम.

आता रेकॉर्डिंग झालंय. दीड-दोन मिनिटांचा तुकडा आहे, फार ग्रेट नाही. पण तो ऐकताना मला वाजवणारा ऐकू येत नाही, बंद झालेल्या वस्तू ऐकू येतात. या ओळीवर पंखा बंद होता. इथे राउटर नव्हता, मुलगा खिडकीत बसून राहिला होता. एकट्याने संगीत करता यावं म्हणून संगणक आला हे खरं, पण घरात एकट्याने काही होत नाही. शांततासुद्धा चार माणसांनी आपापली सोय बाजूला ठेवली तरच मिळते. स्टुडिओत साठ माणसं मिळून वाजवायची, आमच्याकडे चार माणसं मिळून गप्प बसली. सिनेमाच्या जुन्या तबकडीवर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे, गीतकाराचं असे. वादकांची नावं बहुधा नसत. गप्प बसणाऱ्यांची तर कुठल्याच तबकडीवर कधी आलेली नाहीत.

म्हणून फाइलबरोबर मी एक श्रेयनामावली लिहिली. गिटार : मी. उशीर कमी केला : मुलगा. ट्यूब, चेहरा आणि एकूण सहनशीलता : बायको. अर्थिंग : बेंजो पार्टी. दिशा : खालचे काका. फ्रिज, समई आणि वादळ : आई. सगळ्यांना बोलावून वाचून दाखवली. प्रत्येकाने आपलं नाव आहे ना एवढं पाहिलं आणि मग कौतुक केलं.

आई शेवटपर्यंत उभी होती. म्हणाली, "नाव लिहिलंस ते छान केलंस. आता फ्रिज चालू कर."